सोर्स कोड मिळाल्यानंतर: मुक्त राउटर फर्मवेअरमधील ड्रायव्हरच्या देखभालीचा इतिहास

मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात राउटरचे प्रकरण सहसा जुलै २००३ मध्ये सुरू होते, कारण त्या महिन्यात सिस्को कंपनीने ‘लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जी’ या घरगुती राउटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरला वाचता आणि बदलता येईल असा मूळ मजकूर, जाहीर केला आणि त्यातून पुढे ओपनडब्ल्यूआरटीसारखे मुक्त फर्मवेअरचे प्रकल्प उभे राहिले. ही कालगणना चुकीची नाही, परंतु ती अर्ध्यावर थांबते. कोड हाती आला तरी तो ज्या लिनक्स कर्नलवर उभा असतो तो कर्नल पुढे सरकत राहतो, चिप बनवणाऱ्या कंपनीचे लक्ष पुढच्या चिपकडे वळते, आणि मागे राहिलेल्या ड्रायव्हरची जबाबदारी कोणाची हा प्रश्न तसाच उरतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढची दोन दशके गेली. राउटरचे स्वातंत्र्य टिकून राहिले त्याचे श्रेय २००३ मधील त्या घटनेपेक्षा या नीरस आणि फारसा नावलौकिक न देणाऱ्या देखभालीला अधिक जाते, असे म्हणण्यास भरपूर आधार आहे.

घरात किंवा दुकानात इंटरनेटची जोडणी अनेक यंत्रांना वाटून देणारा जो छोटा डबा असतो तो राउटर, आणि त्याच्या फ्लॅश चिपमध्ये साठवलेली, वीज सुरू होताच चालू लागणारी संपूर्ण प्रणाली म्हणजे फर्मवेअर. या फर्मवेअरच्या गाभ्याशी कर्नल असतो, जो मेमरी, चालू असलेले प्रोग्राम आणि नेटवर्क यांची व्यवस्था पाहतो, तर एखाद्या विशिष्ट चिपशी व्यवहार कसा करायचा हे कर्नलला सांगणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. वाय-फायचा रेडिओ, चार-पाच पोर्टचा इथरनेट स्विच, फ्लॅश, समोरचे दिवे आणि मागचे रीसेटचे बटण यांच्यासाठी वेगवेगळे ड्रायव्हर लागतात. टेबलावरच्या संगणकापेक्षा येथे दोन अडचणी जास्त असतात. एक म्हणजे जागा तुटपुंजी असते: डब्ल्यूआरटी५४जीच्या पहिल्या आवृत्तीत १२५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ मेगाबाइट रॅम आणि ४ मेगाबाइट फ्लॅश एवढाच ऐवज होता. दुसरी अडचण अशी की संगणक सुरू होताना आपल्या पोटात कोणकोणते भाग आहेत हे स्वतःच सांगतो, राउटर ते सांगत नाही. कोणती पिन कोणत्या दिव्याला जोडली आहे हे आधीच कोडमध्ये लिहून ठेवावे लागते, आणि प्रत्येक मॉडेलसाठी ते वेगळे असते.

डब्ल्यूआरटी५४जी डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आला. मार्च २००३ मध्ये सिस्कोने लिंक्सिस सुमारे ५० कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले आणि जूनमध्ये, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या सुमारास, अँड्र्यू मिक्लास या प्रोग्रामरने लिनक्स विकसकांच्या नजरेस आणून दिले की या राउटरमध्ये लिनक्स आहे, पण जीपीएल या परवान्याने घातलेली अट पाळलेली नाही. जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ ची. तिच्यानुसार असा प्रोग्राम यंत्रात घालून विकणाऱ्याने त्याचा सोर्स कोडही ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा लागतो. चौकशीअंती असे दिसले की हे सॉफ्टवेअर तैवानच्या सायबरटॅन या कंपनीकडून चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमकडे, तेथून लिंक्सिसकडे आणि अखेरीस सिस्कोकडे असे हातोहात आले होते. सिस्कोने कोड जाहीर केला. जानेवारी २००४ मध्ये गेरी रोझेमा आणि माइक बेकर यांनी त्याच्या आधारे ओपनडब्ल्यूआरटी सुरू केले.

मात्र जाहीर झालेल्या त्या गाठोड्यात राउटरचा जो सर्वांत मोलाचा भाग, वाय-फायचा ड्रायव्हर, तो वाचता येईल अशा रूपात नव्हताच. ब्रॉडकॉमने तो ‘डब्ल्यूएल’ नावाच्या, फक्त प्रोसेसरला कळणाऱ्या बायनरी फाइलच्या रूपात दिला होता. कर्नलमध्ये जोडला जाणारा असा भाग कर्नलच्या अंतर्गत रचनेशी घट्ट बांधलेला असतो; ज्या कर्नलसाठी तो तयार झाला त्याच मालिकेत तो चालतो, पुढच्या मालिकेत नाही. डब्ल्यूएल तयार झाला होता लिनक्स २.४ साठी, आणि २.६ ही पुढची मालिका डिसेंबर २००३ मध्येच प्रसिद्ध झाली. म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीचा जन्म झाला तेव्हाच त्याच्या पायातला कर्नल एक पिढी मागे पडलेला होता. पुढची कित्येक वर्षे प्रकल्पाला ब्रॉडकॉमच्या राउटरसाठी दोन वाटा सांभाळाव्या लागल्या: नवा कर्नल हवा असेल तर रेडिओचा भरवसा नाही, आणि रेडिओ हवा असेल तर जुना कर्नल. २०१० च्या ‘बॅकफायर’ या आवृत्तीतही २.४ ची वाट शिल्लक होती. एकच बंद फाइल संपूर्ण प्रणालीला सात वर्षे मागे रोखू शकते, हा या काळाचा पहिला धडा होता, आणि तो ब्रॉडकॉमला नव्हे, विनावेतन काम करणाऱ्यांना शिकावा लागला. लिंक्सिसने तर २००५ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जीच्या पाचव्या आवृत्तीतून लिनक्सच काढून व्हीएक्सवर्क्स ही बंद प्रणाली घातली, रॅम ८ आणि फ्लॅश २ मेगाबाइटवर आणली, आणि लिनक्स हवे असणाऱ्यांसाठी जुनाच राउटर ‘एल’ हे अक्षर जोडून निराळा विकायला काढला.

त्याच सुमारास भारतात ड्रायव्हरचा प्रश्न अगदी निराळ्या बाजूने पुढे आला होता. वाय-फायची रचना एका इमारतीपुरती आहे. पाठवलेले पाकीट पोहोचले अशी पोच ठरावीक वेळेत आली नाही तर पाठवणारा ते हरवले असे समजून पुन्हा पाठवतो, आणि ही वेळ काही दशक मायक्रोसेकंदांची असते. रेडिओलहरीला एक किलोमीटर जायला सुमारे ३.३ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे २० किलोमीटरवरच्या गावाहून पोच यायला जाण्या-येण्याचे मिळून १३० हून अधिक मायक्रोसेकंद जातात आणि सर्व काही सुरळीत असूनही जोडणी कोलमडते. आयआयटी कानपूरमध्ये भास्करन रमण आणि कामेश्वरी चेब्रोलू (हे दोघेही पुढे आयआयटी मुंबईत आले) यांनी ‘डिजिटल गॅन्जेटिक प्लेन्स’ या प्रकल्पात गावे अशा लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडण्याचे प्रयोग केले आणि २००५ मध्ये ‘टूपी’ नावाची नवी पद्धत मांडली. तिच्यात एका मनोऱ्यावरचे सर्व रेडिओ एकाच वेळी पाठवतात व एकाच वेळी ऐकतात, आणि पोच मागितली जाऊ नये म्हणून एका यंत्रासाठी असलेले पाकीटही सर्वांसाठीच्या पाकिटात गुंडाळून पाठवले जाते. हे सर्व करता आले ते ‘होस्टएपी’ या मुक्त ड्रायव्हरमध्ये फेरफार करून. जौनी मालिनेन या फिनलंडच्या प्रोग्रामरने तो प्रिझम चिपसाठी लिहिला होता. दोन वर्षांनी बर्कलीच्या संशोधकांनी याच दिशेने ‘वाइल्डनेट’ तयार केले आणि तमिळनाडूत थेनी येथे अरविंद नेत्रालयाच्या दूरच्या केंद्रांना जोडण्यासाठी ते वापरले. त्यांचा आधार होता अथेरॉस चिपचा ‘मॅडवायफाय’ ड्रायव्हर. गावापर्यंत इंटरनेट नेण्याचा हा प्रश्न मुळात ड्रायव्हरमधल्या काही ओळींपाशी अडलेला होता, ही गोष्ट ग्रामीण इंटरनेटवरच्या धोरणात्मक चर्चेत क्वचितच येते.

मॅडवायफायही पूर्णपणे मुक्त नव्हता. त्याचा चिपला थेट हात घालणारा थर, ज्याला हार्डवेअर अ‍ॅब्स्ट्रॅक्शन लेयर म्हणजेच ‘हॅल’ म्हणत, बायनरी रूपात मिळत असे, आणि त्यासाठी दिले जाणारे कारण कायद्याचे होते: रेडिओ कोणत्या वारंवारतेवर आणि किती शक्तीने बोलेल हे ड्रायव्हर ठरवतो, तो उघडा केला तर कोणीही नियम मोडेल आणि बोल कंपनीला लागेल. भारताचे उदाहरण घेतले तर २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरायला खुला झाला, तोही कमाल १ वॅट शक्ती आणि अँटेनासह परिणामी ४ वॅट या मर्यादेत. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा इमारतीबाहेर मोकळेपणाने वापरण्याची मुभा मात्र ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळाली. प्रत्येक देशाचे असे नियम वेगळे आणि वेळोवेळी बदलणारे असतात. ते बंद हॅलमध्ये कोंडून ठेवण्याऐवजी सर्व देशांचे नियम एका उघड्या तक्त्यात ठेवायचे, तो तक्ता कर्नलने वाचायचा आणि सर्व ड्रायव्हरनी त्याचे पालन करायचे, अशी व्यवस्था २००८ च्या सुमारास लिनक्समध्ये आली. देशाचा नियम बदलला की तक्त्यातली ओळ बदलते, ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही. कायद्याची सबब खोटी नव्हती, पण तिचे उत्तर लपवाछपवीत नव्हते, हे या व्यवस्थेने दाखवून दिले.

ब्रॉडकॉमच्या त्या चिपसाठी मात्र उघडा ड्रायव्हर मिळालाच नाही आणि म्हणून तेथे उलटी वाट धरावी लागली. विकसकांनी आपले दोन गट केले. पहिल्या गटाने बायनरी ड्रायव्हर उकलून, यंत्रभाषेतील सूचना एकेक वाचून, चिपच्या कोणत्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या नोंदकप्प्यात, कोणत्या क्रमाने कोणता आकडा लिहिला जातो याचे वर्णन साध्या भाषेत लिहायचे. दुसऱ्या गटाने तो बायनरी ड्रायव्हर कधीही न पाहता, केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहायचा. या विभागणीचे कारण कॉपीराइटचे होते: ज्याने मूळ कृती पाहिलीच नाही त्याच्यावर नक्कल केल्याचा आरोप टिकत नाही. परिणामी या ड्रायव्हरमध्ये अशा कित्येक ओळी राहिल्या ज्यांत अमुक रजिस्टरमध्ये तमुक आकडा लिहिला आहे आणि तो का लिहायचा हे कोणालाच ठाऊक नाही. मायकेल ब्यूश आणि सहकाऱ्यांचा हा ‘बीसीएम४३एक्सएक्स’ ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्स २.६.१७ मध्ये दाखल झाला, आणि त्याचे सुधारित रूप ‘बी४३’ जानेवारी २००८ मध्ये आले. लॅरी फिंगर हे निवृत्त शास्त्रज्ञ या कामात शिरले आणि जून २०२४ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, निधन होईपर्यंत वाय-फायचे ड्रायव्हर सांभाळत राहिले. ब्रॉडकॉमने सप्टेंबर २०१० मध्ये आपला मुक्त ड्रायव्हर दिला खरा, पण तो नव्या चिपसाठी होता.

बीसीएम४३एक्सएक्स आणि बी४३ यांच्यामधल्या काळात एक मोठी साफसफाई झाली. तोपर्यंत प्रत्येक वाय-फाय ड्रायव्हर जोडणी, गुप्तीकरण, वेगाची निवड ही सर्व कामे आपापल्या पद्धतीने करत होता आणि साहजिकच तेच दोष दहा ठिकाणी दहा वेळा दुरुस्त होत होते. डिव्हाइसस्केप या कंपनीने २००६ मध्ये आपला वाय-फायचा सामायिक थर जीपीएलखाली देऊन टाकला. बरीच घासपूस होऊन तो ‘मॅक८०२११’ या नावाने जुलै २००७ मध्ये कर्नलमध्ये आला, आणि योहानेस बेर्ग त्याची देखभाल करू लागले. या थराने ड्रायव्हरकडे फक्त चिपपुरते काम ठेवले. त्याचा लाभ सर्वांत आधी अथेरॉसच्या बाजूला दिसला: बायनरी हॅलशिवाय चालणारा ‘एटीएच५के’ एप्रिल २००८ मध्ये आला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये खुद्द अथेरॉसने नव्या चिपसाठी ‘एटीएच९के’ हा पूर्ण मुक्त ड्रायव्हर जाहीर केला, जो ऑक्टोबरमध्ये मुख्य कर्नलचा भाग झाला. त्याच्या सुरुवातीच्या देखभालकर्त्यांत भारतीय अभियंत्यांची नावे ठळक होती. या चिपच्या आत वेगळे बंद फर्मवेअर चालत नसल्याने रेडिओच्या वागणुकीचा जवळजवळ प्रत्येक तपशील ड्रायव्हरमध्ये उघड दिसे, आणि संशोधक आजही या जुन्या चिप जपून ठेवतात त्याचे कारण हेच.

येथपर्यंतचा इतिहास ड्रायव्हर मिळवण्याचा आहे. पुढचा, आणि अधिक दीर्घ, इतिहास मिळालेले ड्रायव्हर सांभाळण्याचा आहे.

ओपनडब्ल्यूआरटी कर्नलची आपली वेगळी प्रत ठेवत नाही. मुख्य कर्नल जसाच्या तसा घेऊन त्यावर शेकडो पॅच लावते. पॅच म्हणजे कोणत्या फाइलमधील कोणती ओळ काढायची व कोणती घालायची हे सांगणारी छोटी चिठ्ठी, आणि ती बदलायच्या ओळींच्या मागेपुढे असलेल्या दोन-तीन ओळींवरून आपली जागा ओळखते. कर्नलची नवी आवृत्ती आली की त्या मागच्या-पुढच्या ओळीच बदललेल्या असतात, चिठ्ठीला जागा सापडत नाही, आणि कोणी तरी बसून एकेक पॅच पुन्हा जुळवावा लागतो. प्रकल्पाने या पॅचना क्रमांकांची शिस्त लावली: शून्याने सुरू होणारे पॅच मुख्य कर्नलच्या पुढच्या आवृत्तीतून मागे आणलेले, सहाशेच्या घरातले नेटवर्कचे, सातशेच्या घरातले नेटवर्क ड्रायव्हरचे, नऊशेच्या घरातले कोठेच न बसणारे. पुढे त्यांचे तीन कप्पे झाले: मागून आणलेले, मुख्य कर्नलकडे जाण्याच्या प्रतीक्षेतले, आणि ‘हॅक’, म्हणजे कधीच तिकडे स्वीकारले जाणार नाहीत असे. हा तिसरा कप्पा स्पष्ट नावाने वेगळा ठेवण्यात मोठा प्रामाणिकपणा आहे. बहुतेक कंपन्यांच्या फर्मवेअरमध्ये सगळाच कोड त्या कप्प्यातला असतो, फक्त तसे कोठे लिहिलेले नसते.

नाशिक जिल्ह्यात बागलाण भागात मोसम आणि आरम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली चालत आलेल्या फड या सिंचनपद्धतीत ज्याचा पाण्यावर हक्क त्याने पाटातला गाळ काढण्यातही वाटा उचलायचा असतो, आणि पाट सामायिक असल्यामुळेच एका कुटुंबावर त्याचा भार पडत नाही. मुख्य कर्नलमध्ये असलेल्या ड्रायव्हरचे तसेच असते. कर्नलमधील एखादी अंतर्गत रचना बदलणाऱ्याने कर्नलमधले तिचे सर्व वापर स्वतः बदलून द्यायचे असा रिवाज आहे. बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरसाठी हे कोणी करत नाही. २०१७ मध्ये ठरावीक वेळाने काम सुरू करणाऱ्या ‘टायमर’ची रचना सुरक्षिततेसाठी बदलण्यात आली. पूर्वी टायमर संपला की बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनला एक साधा आकडा मिळे आणि त्या आकड्यालाच मेमरीतला पत्ता समजून ड्रायव्हर आपली माहिती शोधे. नव्या रचनेत त्याला टायमरचाच पत्ता मिळू लागला. कर्नलमधल्या शेकडो ड्रायव्हरमध्ये केस कुक आणि इतरांनी हा बदल करून दिला, आणि ४.१५ या आवृत्तीत जुनी रचना काढून टाकली गेली. कर्नलबाहेरचा, टायमर वापरणारा प्रत्येक ड्रायव्हर त्या दिवसापासून तयारच होईना. ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही आवृत्ती कर्नल ४.१४ वर होती आणि २१.०२ ही ५.४ वर, मधल्या काळात असे किती तरी बदल एकदम अंगावर आले.

सर्वांत अवघड ठरला तो ओपनडब्ल्यूआरटीमधला अथेरॉस चिपचाच ‘एआर७१एक्सएक्स’ हा विभाग. त्यात प्रत्येक राउटरसाठी सी भाषेतली एक वेगळी फाइल होती आणि तिच्यात त्या मॉडेलच्या दिव्यांच्या पिना, बटणांच्या पिना, फ्लॅशचे वाटप आणि नेटवर्कची जोडणी असे सर्व लिहिलेले असे. नाशिकच्या एम. जी. रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत भारतभर विकला गेलेला टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर७४०एन याच विभागातला. मुख्य कर्नलने मात्र वेगळी दिशा धरली होती: २०११ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स यांनी एआरएम प्रोसेसरच्या फाइलींच्या पसाऱ्यावर तीव्र नाराजी व्यक्त केल्यानंतर अशा माहितीसाठी ‘डिव्हाइस ट्री’ हा मार्ग रूढ झाला, ज्यात यंत्राची रचना प्रोग्राममध्ये न लिहिता वेगळ्या वर्णनात्मक तक्त्यात लिहिली जाते आणि एकच ड्रायव्हर तो तक्ता वाचून कामाला लागतो. २०१८ पासून ‘एटीएच७९’ या नव्या विभागात शेकडो राउटरचे असे रूपांतर सुरू झाले. काम यांत्रिक दिसते, तसे नव्हते. उदाहरणार्थ राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्याची जन्मखूण, फ्लॅशमधल्या एका ठरावीक जागी असतो आणि रेडिओच्या कारखान्यातील जुळवणीचे आकडे ‘एआरटी’ नावाच्या दुसऱ्या भागात असतात. ही जागा एका बाइटने चुकली तर राउटर सुरू होतो, दिवे लागतात, पण पत्ता चुकीचा येतो किंवा रेडिओ दुबळा होतो. काही मॉडेलमध्ये नव्या ड्रायव्हरने दोन इथरनेट पोर्टची नावे उलटी दिली, त्यामुळे जुन्या सेटिंग तशाच ठेवून नवे फर्मवेअर चढवणाऱ्याची आतली आणि बाहेरची बाजू अदलाबदल होई. प्रत्येक मॉडेल कोणाच्या तरी हातात असल्याशिवाय आणि त्याने ते तपासल्याशिवाय पुढे सरकता येत नसे. ज्यांच्यासाठी असा माणूस मिळाला नाही ते राउटर मागे राहिले, आणि २०२० मध्ये जुना विभाग मुख्य कोडातून काढून टाकण्यात आला.

हे काम चालू असताना प्रकल्प स्वतःच दुभंगून पुन्हा जुळला. मे २०१६ मध्ये मुख्य विकसकांपैकी अनेक जण बाहेर पडले, एलईडीई या नावाने वेगळे काम करू लागले, फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी आपली आवृत्ती काढली, आणि जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही प्रकल्प ओपनडब्ल्यूआरटी हेच जुने नाव पण एलईडीईचे नियम ठेवून एकत्र आले. या फुटीचे वर्णन कारभारातील पारदर्शकतेचा वाद म्हणून केले जाते. ते बरोबर असले तरी कोणाला कोड आत घेण्याचा अधिकार आहे, आलेले पॅच किती महिने पडून राहतात, आवृत्त्या वेळेवर का निघत नाहीत, हे सर्व तक्रारींचे मुद्दे अखेर देखभालीचेच होते.

मीडियाटेकच्या एमटी७६२१ या चिपची कथा साफसफाईचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मानता येईल. तिचे ड्रायव्हर कंपनीच्या विकास-संचातून आलेले आणि दर्जाने ओबडधोबड होते. कर्नलमध्ये २००८ पासून ‘स्टेजिंग’ नावाचा एक विभाग आहे, जेथे अजून पात्र न ठरलेला कोड ठेवला जातो आणि त्याच्यासोबत काय काय सुधारायचे आहे याची यादी असलेली फाइल ठेवण्याचा दंडक आहे. ऑस्ट्रेलियाचे नील ब्राउन यांनी २०१८ मध्ये या चिपचे ड्रायव्हर त्या विभागात आणले आणि सर्हियो पाराकुएयोस यांनी पुढची तीन वर्षे त्यांतल्या एकेकाची डागडुजी केली. पीसीआय म्हणजे रेडिओ चिपला प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गाचा ड्रायव्हर २०२१ मध्ये कर्नलच्या मुख्य भागात गेला. इथरनेटचा ड्रायव्हर मात्र सुधारला गेलाच नाही: मीडियाटेकच्या दुसऱ्या चिपसाठीचा चांगला ड्रायव्हर आधीच कर्नलमध्ये होता, त्यालाच ही चिप शिकवली गेली आणि जुना पुसून टाकला. देखभालीच्या कामात लिहिण्यापेक्षा खोडण्याला जास्त कसब लागते. याच चिपच्या जोडीला येणाऱ्या रेडिओसाठी फेलिक्स फीटकाऊ यांनी लिहिलेला ‘एमटी७६’ हा ड्रायव्हरही २०१८ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आला. स्विचच्या बाबतीत ओपनडब्ल्यूआरटीला आपली स्वतःची, मुख्य कर्नलने कधीच न स्वीकारलेली ‘स्विचकॉन्फिग’ ही पद्धत हळूहळू सोडावी लागली आणि २१.०२ पासून अनेक राउटर ‘डीएसए’ या कर्नलच्या पद्धतीवर आले, ज्यात स्विचचा प्रत्येक पोर्ट वेगळा नेटवर्क पोर्ट म्हणून दिसतो.

अशा साफसफाईतून वापरणाऱ्याला काय मिळते, याचे सर्वांत चांगले उत्तर एटीएच९केमध्ये सापडते. वाय-फायवर एखादे दूरचे, कमी वेगाचे यंत्र आपले पाकीट पाठवायला इतका वेळ घेते की जवळच्या वेगवान यंत्रांनाही त्याच्याच गतीने चालावे लागते. शिवाय ड्रायव्हरच्या पोटात पाकिटांची लांब रांग साचल्यामुळे फोनवरचा आवाज अडखळतो. डेव्ह टाट, जिम गेटीस आणि इतरांनी २०११ पासून या साचलेल्या रांगांविरुद्ध चळवळच उभी केली होती. २०१६-१७ मध्ये टोके होइलॅन्ड-यॉर्गेनसेन आणि सहकाऱ्यांनी ड्रायव्हरमधली रांग काढून ती मॅक८०२११ च्या सामायिक थरात नेली आणि प्रत्येक यंत्राला पाकिटांच्या संख्येऐवजी हवेतील वेळ समान वाटून दिला. भार असतानाची दिरंगाई कित्येक पटींनी घटली. नव्या चिपमध्ये हेच करणे अवघड गेले, कारण त्यांची रांग चिपच्या आतल्या बंद फर्मवेअरमध्ये होती.

देखभाल न झालेल्या फर्मवेअरची किंमत भारताने जुलै २०१७ मध्ये पाहिली, जेव्हा सरकारी दूरसंचार सेवेच्या ग्राहकांकडील, मूळचा ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड राहिलेले मोडेम ‘ब्रिकरबॉट’ या मालवेअरने निकामी केले. त्या यंत्रांतील दोष ड्रायव्हरचा नव्हता, पण त्यांना नवे फर्मवेअर देणारे कोणी नव्हते, ही स्थिती तीच. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत टीपी-लिंकने रेडिओ-नियमांच्या प्रकरणात एफसीसी या नियामक संस्थेला दोन लाख डॉलर भरले, आणि त्याच समझोत्यात बाहेरचे मुक्त फर्मवेअर आपल्या राउटरवर चालू देण्यासाठी काम करण्याचे मान्य केले. नाशिकला लागून असलेल्या पालघर जिल्ह्यात याच काळात आयआयटी मुंबईचा ‘ग्राम मार्ग’ प्रकल्प अभय करंदीकर यांच्या पुढाकाराने खामलोली व आसपासच्या गावांत दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या यूएचएफ पट्ट्यातून इंटरनेट नेत होता. दूरदर्शनच्या प्रक्षेपणात या पट्ट्याचा मोठा भाग रिकामा राहतो, हे त्याच संस्थेतील संशोधकांनी मोजून दाखवले होते. मार्च २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिले बक्षीस मिळाले. अशा प्रकल्पांत मनोरा उभारणे एकदाचे असते. त्यावरच्या यंत्राचे सॉफ्टवेअर पाच-दहा वर्षे चालू ठेवण्यासाठी निधी मागण्याची सोय मात्र आपल्याकडच्या अनुदानाच्या अर्जांत सहसा नसते.

४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅमचे राउटर, म्हणजे डब्ल्यूआर७४०एनसह भारतातील त्या पिढीचा मोठा वर्ग, १९.०७ नंतर ओपनडब्ल्यूआरटीच्या मर्यादेबाहेर गेले; २१.०२ ला किमान ८ आणि ६४ लागतात. कर्नलच्या बाजूलाही छाटणी झाली. आर्न्ट बेर्गमान यांनी २०२३ च्या अखेरीस कोणी देखभाल करत नाही आणि कोणी वापरत असल्याचा पुरावाही नाही असे जुने वाय-फाय ड्रायव्हर काढून टाकण्याचे पॅच पाठवले, आणि त्यांत होस्टएपीही होता, ज्यात फेरफार करून टूपीचा प्रयोग झाला होता. मालिनेन यांनी होस्टएपीच्याच काळात सुरू केलेला ‘होस्टएपीडी’ हा सोबतचा प्रोग्राम, जो राउटरवर पासवर्ड तपासून यंत्रांना आत घेतो, मात्र मुख्य प्रवाहात टिकला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीने वीस वर्षांच्या निमित्ताने स्वतःच्या नावाने काढलेल्या ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ या राउटरमध्येही तोच चालतो.